बोलून दिलेला शेरा

अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पांवर शेरे लिहिण्याऐवजी मी व्हिडिओ द्यायला लागले, तेव्हा विभागात कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना कंठ फुटला तो बोंब झाल्यावर. पद्धत साधी होती: विद्यार्थ्याची फाइल स्क्रीनवर उघडायची, वाक्यावर कर्सर ठेवायचा आणि बोलत बोलत दाखवायचं: तक्ता इथे आहे, मग त्यातून निघालेलं विधान दोन पानांनंतर का? 'मांडणी विस्कळीत' या लाल शाईतल्या शेऱ्यातून हे कधी पोचलंच नव्हतं. एरवी गुण बघून फाइल मिटणारी पोरं सुधारलेला मसुदा घेऊन परत यायला लागली.

मग प्राचार्यांनी बोलावलं. केबिनमध्ये एक पालक बसलेले. सरांनी मोबाइल लांब धरून माझाच आवाज मला ऐकवला: "हा परिच्छेद तुझा नाही." बस, तेवढाच तुकडा. त्यापुढचं "संदर्भ दे, आणि खालचं विश्लेषण तुझं आहे ते वाढव, छान जमलंय" हे सफाईनं कापलेलं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून तो तुकडा घरी पोचला होता. म्हटलं, सर, अख्खा व्हिडिओ बघा ना. तर म्हणाले, "मॅडम, एवढा वेळ कुणाला आहे? लेखी दिलं असतं तर प्रश्नच आला नसता." चूक कुणाची, हे तिथे कुणाला बघायचंच नव्हतं. चिरंजीव बाहेर बाकावर मोबाइल चाळत होते.

तरीही करायचं असेल तर करा. पद्धत चांगलीच आहे. व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत ठेवा, स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या 'लूम'ची फुकट आवृत्ती तशीही तिथेच थांबते. दोन-तीनच मुद्दे घ्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून पंखा बंद करा. यूट्यूबवरचं 'अनलिस्टेड' म्हणजे खासगी नव्हे. लिंक ज्याच्या हाती, त्याला व्हिडिओ दिसतो. त्यापेक्षा गुगल ड्राइव्हवर त्या एकाच विद्यार्थ्याच्या ईमेलला परवानगी द्या. डाउनलोडही बंद करता येतं, पण दुसऱ्या मोबाइलनं चित्रण करणाऱ्याला कोण अडवणार? म्हणून दोष आणि दुरुस्ती एकाच वाक्यात, मध्ये श्वास न घेता बोला. कापायला जागाच ठेवू नका. वाङ्मयचौर्याचा संशय असेल तर व्हिडिओत अवाक्षर काढू नका. समोर बसवून विचारा, नोंद करा, सही घ्या. गुणही बोलू नका. आणि प्रत्येक व्हिडिओमागे चार ओळी लेखी ठेवाच, कारण फाइलला कागदच लागतो. बाकी संयम ठेवा, विद्यार्थ्यांशी संवाद ठेवा, हे सगळेच सांगतात.

परवा नॅकच्या अहवालाचं काम बघणारे सहकारी आले. "मॅडम, तुमचं ते व्हिडिओचं 'बेस्ट प्रॅक्टिसेस'मध्ये घालू या. दोन पानं लिहून द्याल?"

म्हटलं, देते की. आधी प्राचार्यांचं तसं पत्र आणा. लेखी.