चिवटपणा माझ्या हाताचा नव्हता

गटारीच्या जेवणात माकूळ चिवट निघालं, त्याचं खापर आमच्या घरात अजून माझ्यावर फुटतं. जाऊबाईंनी पंक्तीत "रबर" म्हटलं, ते ऐकून घेतलं. पण ज्यानं माल दिला त्यानं दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर "वैनी, तुमाला शिजवाय येत न्हाई, त्येला मी काय करू?" असं विचारलं, ते मी विसरणार नाही.

पलूसला समुद्राचा मासा घाट ओलांडून येतो. कृष्णेतली मरळ किंवा वाम हातात घेतली की आम्हाला ताजेपणा कळतो. माकुळाचं तसं नाही. त्यात हे 'स्टेक' म्हणून विकलेले पांढरेशुभ्र, बोटभर जाड काप. कातडी नाही, डोकं नाही, पारखायचं काय? "काल रातीला रत्नागिरीतनं निगालेला माल हाय," असं त्यानं छातीठोक सांगितलं. जुलै संपायचा होता. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि माकूळ मुख्यतः त्याच बोटींच्या जाळ्यांत येतं. मग काल रात्री समुद्रात गेलं कोण?

उलगडा झाला दुसऱ्या दिवशी. न फोडलेली एक पुडी उरली होती, ती निथळत ठेवली. एक काप उजेडात धरला, तर त्यात बारीक भोकं, सरळ रांगेत, सारख्या अंतरावर. जाड माकूळ मऊ पडावं म्हणून कारखान्यात सुयांच्या यंत्राखालून काढतात, त्याच्या त्या खुणा! काल रात्रीच्या बोटीतून असलं काही येत नाही. ताटात पाणी साचलं होतं. किलोची पुडी पाऊण किलोही भरली नाही. गोठवलेल्या मालावर बर्फाचा पातळ थर देतात, त्यात गैर काही नाही. पण तो मालाच्या भावानं विकायचा? फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वजन फुगवण्याची चालही या धंद्यात आहे. असा काप तव्यावर पडला की पाणी सोडतो आणि भाजण्याऐवजी त्याच पाण्यात उकडतो. चिवटपणा तिथून आला.

आपल्याकडे मटणाची सवय, शिजत नसेल तर आणखी दोन शिट्ट्या. माकुळाचं गणित वेगळं आहे. कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर एका बाजूला एक-दीड मिनिट, उलटून तेवढंच, की उतरवायचं. त्यापुढे मांस आकसतं, पाणी पिळून टाकतं आणि घट्ट होत जातं. ती वेळ हुकलीच, तर रश्श्यात टाकून मंद आचेवर पाऊण तास ठेवा. आतले चिवट धागे विरघळतात आणि ते पुन्हा मऊ होतं. मधल्या वेळेत ताटात वाढू नका.

गोठवलेले काप आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा, गरम पाण्यात नाही. नंतर सुती फडक्यानं दाबून कोरडे करा. यात आळस नको. आतल्या बाजूला पातळ पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकानं उचलून ओढून काढा, नाहीतर काप तव्यावर वळतो. त्याच बाजूला आडव्या-उभ्या उथळ चिरा द्या. हळद, आलं-लसूण, तिखट आधी लावा. मीठ तव्यावर टाकताना.

शक्यतो अख्खं माकूळ घ्या. कातडीवर तांबूस-जांभळे ठिपके असावेत, डोळा स्वच्छ असावा. डोकं ओढलं की आतडी आणि शाईची पिशवी बाहेर येते. शाई फुटली तर घाबरू नका, ती विषारी नसते. लांबट नळीसारख्या जातीत पारदर्शक काडी निघते. रुंद, जाड जातीत पांढरी कवटी निघते, तीच पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ते समुद्रफेन. आपल्या किनाऱ्यावरच्या नळीसारख्या माकुळाचं मांस पातळ असतं, त्याचा बोटभर जाड काप पडत नाही. एवढा जाड काप दिसला तर तो कवटीवाल्याचा असेल, नाहीतर दक्षिण अमेरिकेकडच्या हम्बोल्ट जातीचा. ते माकूळ 50 किलोपर्यंत वाढतं आणि नीट धुतलं-प्रक्रिया केलं नाही तर त्याला आंबट-कडवट चव लागते.

कापच घ्यायचे तर सुटे घेऊ नका, मूळ खोकं मागा. त्यावर जात, पॅकिंगची तारीख आणि बर्फ वगळून निव्वळ वजन वाचा. माझ्या त्या दुकानदारानं खोकं फेकून दिल्याचं सांगितलं होतं.