पडद्यापलीकडचा बोगदा

प्रश्न : आईला डाव्या कानाने कमी ऐकू येते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘इंटर्नल ऑडिटरी कॅनाल नॉर्मल’ असे लिहिले आहे. म्हणजे कानात मळ नाही, असेच ना?

उत्तर : नाही. मळ साचतो ती बाहेरची नळी. ती सुमारे अडीच सेंटिमीटरची असते आणि पडद्यापाशी संपते. रिपोर्टमधला कॅनाल अंतर्कर्णाच्याही पलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात असतो. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, मेंदूच्या बाजूला उघडणारा. ऐकण्याची, तोलाची आणि चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस, अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी धमनी, सगळे या चिंचोळ्या बोगद्यातून जाते. म्हणूनच इथली छोटी गाठही ऐकणे बिघडवते. तिला ‘अकूस्टिक न्यूरोमा’ म्हणत. हे नाव मला चुकीचेच वाटते, कारण ती बहुधा तोलाच्या नसेच्या आवरणातून वाढते. ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ हे नाव योग्य.

एकाच कानाने कमी ऐकू आले की डॉक्टर हीच गाठ नाही ना, हे पाहतात. तुमच्या आईंच्या कॅनालमध्ये ती दिसलेली नाही. मात्र ऐकू का येत नाही, हे अजून शोधायचे आहे. ऑडिओमेट्री झाली नसेल तर ती करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकत्र दाखवा.