खान्देशातून परदेशी येणाऱ्या लेकुरवाळ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडून पाच ते दहा वर्षांचं मूल घेऊन अमेरिकेला, इंग्लंडला किंवा जर्मनीला निघालेल्या आईबापांसाठी हे लिहितो आहोत. आम्ही इकडे येऊन स्थिरावलेली खान्देशी कुटुंबं. कुणी अमळनेर-पारोळ्याकडचे, कुणी यावल-रावेरचे, कुणी धुळ्याच्या देवपुरातले. घरभाडं, बँक, गाडीचं लायसन्स यांची माहिती कुठेही मिळते. घरातलं रोजचं कसं निभवायचं हे मात्र कोणी सांगत नाही, आणि पहिल्या वर्षी माणूस थकतो तो तिथेच.

तिकडे एक मूल वाढवायला किती माणसं लागतात ते जाणवत नाही, कारण ती घरात-गल्लीत असतातच. रिक्षावाले काका शाळेतून आणून सोडतात, आजी दप्तर उतरवून हातपाय धुवायला लावते, समोरची काकू वरण-भात भरवून मोकळी होते. इकडे अमेरिका-इंग्लंडात शाळा दुपारी तीनच्या आसपास सुटते आणि नोकरी पाच-साडेपाचला. मधले दोन तास कोण सांभाळणार, हे घर घेण्याच्या आधी ठरवा. शाळेच्या आवारातच चालणारं पाळणाघर सगळ्यात सोयीचं, पण त्याच्या जागा शाळा सुरू होण्याच्या आधीच भरतात. शाळेत प्रवेश झाला की त्याच दिवशी तिथलंही नाव नोंदवा. लहान मुलांना शाळेतून कोण नेणार त्यांची नावं आधी लिहून द्यावी लागतात. ऐनवेळी मित्राला पाठवलं तर मूल सोपवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

निघण्यापूर्वी एक काम जळगावातच उरकून या. मुलाचं लसीकरणाचं कार्ड बघा. सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस मिळते. गालगुंड आणि कांजिण्या यांच्या लसी त्या सरकारी यादीत नाहीत. अमेरिकेतल्या शाळा त्या दोन्ही मागतात. बालरोगतज्ज्ञाकडून त्या आधीच टोचून घ्या आणि तारखांसकट सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र घ्या. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते. तसं झालं तर घाबरू नका, रक्ताची चाचणी मागा. जन्मदाखला, लसीचं कार्ड आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून प्रवेश अडकलेली घरं आमच्यात आहेत.

आता डब्याचं. आपला सगळा स्वयंपाक शेंगदाण्यावर उभा आहे. खिचडीत दाणे, भरतात दाणे, चटणी तर दाण्याचीच. इकडे बऱ्याच शाळांत शेंगदाणा आणि इतर कवचाची फळं पूर्ण बंद असतात, कारण वर्गातल्या एखाद्या मुलाला त्याची ॲलर्जी जिवावर बेतणारी असू शकते. हा नियम मनापासून पाळा. दाण्याचं कूट टाकलेली साबुदाण्याची खिचडी डब्यात देऊ नका, आणि सकाळी घरी दाण्याची चटणी खाल्ली असेल तर मुलाचे हात-तोंड साबणाने धुऊनच शाळेत पाठवा. डब्यातला घास मैत्रिणीला द्यायचा नाही, हे मुलाला समजावून सांगावं लागतं. वाटून खा असं आपणच शिकवलेलं असतं, म्हणून त्याचा जीव कासावीस होतो. त्याला कारण सांगा, मुलं समजून घेतात. वाढदिवसाला वर्गात वाटायचं असेल तर घरचा दराबा नाही, दुकानातलं, वर घटक छापलेलं पाकीट.

डबा गरम करून देत नाहीत. तोंड रुंद असलेला थर्मास घ्या, त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, मग ते ओतून टाका आणि वरण-भात भरा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो कोमट तरी राहतो. जेवायला वीस-पंचवीस मिनिटंच असतात आणि त्यात झाकण उघडणंही आलं. घरी आठवडाभर मुलाकडून स्वतःच्या हाताने झाकण उघडून घ्या. पहिल्या महिन्यात डबा जसाच्या तसा परत येतो तो बहुतेक वेळा झाकणापायी, चवीपायी नाही.

संध्याकाळचं ताट मात्र आपलं असू द्या. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. चार वाट्यांना वाटीभर उडदाचं पीठ आणि मीठ मिसळलं की कळण्याची भाकरी होते. बामणोदच्या हिरव्या वांग्याची सर इकडच्या जांभळ्या वांग्याला नाही आणि कपाशीच्या काड्याही नाहीत, पण ओव्हनच्या वरच्या आचेवर वांगी चांगली भाजतात. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म सगळी बिल्डिंग खाली उतरवतो. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात मुलाच्या हाताने घालू द्या. भरीत ठेचायला बसलेलं मूल शाळेतलं काय काय आपणहून सांगतं. समोर बसवून विचारलं तर एक शब्द बोलत नाही.

आणि बोलायचं आपल्या बोलीत. यावर आमच्यात दुमत नाही. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी घरात कोणती भाषा बोलता हे विचारणारा फॉर्म येतो. मूल मागे पडेल या भीतीने पुष्कळ जण तिथे इंग्रजी लिहितात. मराठी लिहा. फार तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेतील आणि गरज असेल तर जादा मदत देतील. ती फुकट असते आणि कामाची असते. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा समज खोटा आहे, वाचादोषाचे तज्ज्ञही तसं मानत नाहीत. शिक्षिकेने प्रेमाने सुचवलं तरी घरात मोडकंतोडकं इंग्रजी सुरू करू नका. इंग्रजी शाळा शिकवतेच, आणि सहा महिन्यांत मूल तुमचे उच्चार दुरुस्त करायला लागतं.

शुद्ध मराठीचा आग्रह धरून अहिराणी किंवा लेवा गणबोली बंद करणारी घरंही आम्ही पाहिली. तसं करू नका. फोनवर आजी 'काय करी ऱ्हायना रे?' असं विचारते तेव्हा नातवाला ते कळलं पाहिजे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांच्या तोंडची बोली १९५२ साली पुस्तकात आली आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. देवनागरीसाठी बालभारतीची पुस्तकं संगणकावर फुकट उतरवून घेता येतात. उत्तर अमेरिकेत बऱ्याच शहरांत शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात, त्यांना बृहन्महाराष्ट्र मंडळाचा आधार आहे. पण आठवड्याच्या दोन तासांनी भाषा येत नाही. ती जेवताना येते.

आजीच्या फोनची वेळ ठरलेली असावी. इंग्लंडात उन्हाळ्यात साडेतीनला मूल घरी येतं तेव्हा धुळ्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात, सोयीचं आहे. न्यूयॉर्ककडे शाळेनंतरची वेळ जमतच नाही. तिथे सकाळी साडेसातला दूध पिताना फोन लावायचा, तेव्हा जळगावात संध्याकाळचे पाच-सहा. 'बोल ना आजीशी' म्हणून मुलाला ढकलू नका. फोन टेबलावर उभा करून ठेवा, आजी तिकडे शेंगा सोलू दे, मूल इकडे चित्र काढू दे.

एक अवघड गोष्ट स्पष्टच सांगतो. मुलावर हात उचलायचा नाही. जर्मनीत २००० पासून मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा कायद्याने हक्क आहे, स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून चापटही बंद आहे. अमेरिकेत शिक्षकाला संशय आला तर कळवणं त्याच्यावर बंधनकारक असतं. पण कायद्याच्या भीतीने नव्हे. नव्या देशात, नव्या भाषेत दिवसभर ताठ राहिलेलं मूल घरी येऊन चिडचिड करतं, कारण घर हीच त्याची ढिलं होण्याची जागा आहे. त्या वेळी आधी खायला द्या, बोलणं नंतर.

सुट्ट्यांचं गणित वर्षाच्या सुरुवातीलाच करा. खान्देशातली लग्नं एप्रिल-मेमध्ये असतात आणि तेव्हा इकडे शाळा चालू असते. इंग्लंडात परवानगीशिवाय पाच दिवस बुडाले की दर मुलामागे आई आणि बाप दोघांना प्रत्येकी ८० पौंड दंड होऊ शकतो. आखाजीही शाळेच्या दिवसांतच येते, तेव्हा झोका बागेतला आणि पुरणाचे मांडे रविवारी. कानबाई मात्र नागपंचमीनंतरच्या रविवारी असते आणि इंग्लंडात तेव्हा मोठी सुट्टी असते. अमेरिकेत काही राज्यांत शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते, म्हणून आधी शाळेचं कॅलेंडर बघा, मग तिकीट काढा. कानबाईचे रोट भाऊबंदांत बसून खायचे असतात. मुलाने आपले चुलत भाऊ एका पंगतीत बघावेत यासाठी निदान एक वर्षाआड तरी ही फेरी जमवा.