पाळकीय शिक्षण : कोणता अभ्यासक्रम कशाकरिता?

मंडळीतील एखादा तरुण सेवेकरिता पुढे आला म्हणजे पंच प्रथम हेच विचारतात की, त्यास पदवी कोणती मिळेल? हल्ली दोन वाटा समोर असतात. एक ईश्वरविज्ञानाच्या पदवीची, दुसरी पाळकीय समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाची. ह्या दोहोंचे मोल एका मापाने करता येत नाही, फी व मुदत यांवरून तर मुळीच नाही.

पदवीचा पाया प्रथम पाहावा. केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली सेरामपूर येथे महाविद्यालय स्थापिले. ते नगर तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली असल्यामुळे पदव्या देण्याची सनद १८२७ साली त्या देशाच्या राजाकडून मिळाली. १९१८ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की झाली, आणि आजही या देशातील पुष्कळ सेमिनऱ्यांची बी. डी. पदवी सेरामपूरच्याच नावे मिळते. तीत पवित्र शास्त्र, सिद्धान्त, मंडळीचा इतिहास व उपदेशकला यांचा अभ्यास असतो. समुपदेशन हा अनेकांपैकी एक विषय. ज्यास दर रविवारी वचन उघडून सांगावयाचे आहे त्यास हा अभ्यास चुकविता येणार नाही. केवळ समुपदेशनाच्या प्रमाणपत्राने कोणी दीक्षित पाळक होत नाही. दीक्षेचे नियम ज्या त्या मंडळीचे असतात, ते आधी विचारून घ्यावे.

मग दुसरी वाट निरुपयोगी काय? तिचा उगम पाहिल्यास तसे म्हणवत नाही. अमेरिकेतील आंतोन बॉयसेन नावाचे पाळक १९२० साली तीव्र मनोविकाराने इस्पितळात होते. बरे झाल्यावर १९२४ साली ते वूस्टर येथील मनोरुग्णालयात पाळक झाले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात ईश्वरविज्ञानाचे चार विद्यार्थी त्यांनी तेथे बोलाविले. हे विद्यार्थी दिवसा रुग्णांची शुश्रूषा करीत व नंतर गुरूसमोर बसून पाहिलेल्याचा विचार करीत. पुढे अशीही रीत पडली की, रुग्णाशी झालेले संभाषण आठवून जसेच्या तसे लिहावे व आपण कोठे घाईने बोललो ते गुरूने दाखवावे. आज तेथे ह्या शिक्षणाचा एक घटक किमान ४०० तासांचा असतो. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले तोवर त्यांचे ठीक चालले होते. बिघडले ते बोलू लागल्यावर!

आमच्या खेड्यांत हे शिक्षण लागते ते असे. कर्जात बुडालेला शेतकरी प्रार्थनेनंतर मागे थांबतो व म्हणतो, आता जगण्यात काही राहिले नाही. तेव्हा लगेच वचन सांगून त्यास घरी पाठविणारा उपदेशक कितीही विद्वान असो, तो चुकला. त्याचे पुरते ऐकावे, मरणाचा विचार मनात आहे काय हे उघड विचारावे, त्यास एकटे सोडू नये व दवाखान्यात घेऊन जावे. हे पुस्तकावरून येत नाही, आणि समुपदेशक म्हणजे डॉक्टर नव्हे हेही त्यास शिकविलेले असले पाहिजे.

म्हणून विद्यालयास पत्र लिहिताना आम्ही हे विचारू : विद्यार्थी इस्पितळात किती दिवस काढतो? त्याचे काम कोण तपासतो? ऐकलेले गुप्त ठेवण्याविषयी काय शिकवितात? निव्वळ टपालाने समुपदेशन शिकविणाऱ्याकडे आम्ही मुलगा पाठविणार नाही. पैसा एकाच शिक्षणापुरता असेल, तर तरुणास इस्पितळातील काम सक्तीचे असलेल्या सेमिनरीत बी. डी. करिता पाठवावे. घरदार व शेती सांभाळणाऱ्या वयस्क उपदेशकास मात्र अनुभवी गुरूच्या हाताखालचा थोड्या आठवड्यांचा वर्ग अधिक कामाचा. त्याचा खर्च मंडळीने सोसावा.