राजम्याला भुंगेरा का लागत नाही?



बेळगाव-निपाणी भागात चवळी, मूग, मसूर घरोघरी साठवतात. पावसाळ्यात डबा उघडावा, तर दाण्यादाण्याला भोक! शेजारच्या डब्यातला राजमा मात्र शाबूत. असे का?

भुंगेऱ्याची मादी दाण्यावर अंडी घालते आणि अळी आत शिरून गर खाते. राजम्यातील एक प्रथिन आपल्याकडील नेहमीच्या भुंगेऱ्याच्या अळीला पिठूळ भाग पचू देत नाही. खाऊनही ती उपाशी मरते. मेक्सिकोच्या रानघेवड्यात १९८०च्या दशकात आर्सेलिन हे प्रथिन सापडले. राजम्यावर पोसणारा मेक्सिकन भुंगेराही त्यापुढे टिकत नाही. नायजेरियात चवळीचा टीव्हीयू २०२७ हा प्रतिकारक वाण निवडला गेला.

आपली चवळी मात्र आपणच राखावी. बियाणे खडखडीत वाळवा, किलोला ५ मिलिलिटर गोडेतेल चोळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बी किडले, तर पेरणीला उधारी करावी लागते.

आरोग्याची एक सूचना : कच्च्या राजम्यातील त्याच कुळातले दुसरे प्रथिन माणसालाही उलट्या-जुलाब करते. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकावे आणि खळखळून उकळूनच खावा.

बी ही देवाने सोपवलेली ठेव आहे. ती जपू या.