बारा हजार किलोमीटरांचा हिशेब

मुंबईपासून अमेरिकेतील नेवार्कचा विमानतळ सुमारे 12,500 किलोमीटर दूर आहे. परंतु वडीलधाऱ्यांना घेऊन मुलाबाळांच्या भेटीस निघणाऱ्या गृहस्थास या आकड्याचा उपयोग फार थोडा, असे माझे स्वानुभवाचे मत आहे. ताशी 900 किलोमीटर वेग धरून भागाकार केला की चौदा तास येतात आणि तिकिटावर मात्र पंधरा-सोळा तासांची मुदत नमूद असते. तेव्हा आमच्या थोरल्या मेहुण्यांसारखे चिकित्सक गृहस्थ उरलेले तास कोठे खर्ची पडले याची चौकशी आरंभितात. वस्तुतः धावपट्टीपर्यंतची विमानाची मंद चाल त्या मुदतीत धरलेली असते. शिवाय उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना आडवे येतात आणि परतताना पाठीशी राहतात, म्हणून परतीचा प्रवास बहुधा तास-दीड तास लवकर आटोपतो. मेहुण्यांनी नकाशावर पट्टी ठेवून उत्तर आफ्रिकेवरून मार्ग आखला होता. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दाखविला तेव्हा तो आइसलँडच्या बाजूने गेलेला पाहून ते बराच वेळ निरुत्तर झाले, जी गोष्ट आमच्या घरी क्वचितच घडते. प्रत्यक्ष विमान त्या दोऱ्यावरूनही जात नाही. वारा आणि निरनिराळ्या देशांनी आपल्या आकाशात घातलेली बंदी पाहून मार्ग ठरतो.

खरा घोटाळा घड्याळाचा आहे. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, आणि मुंबई नेवार्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. मध्यरात्री सुटून पहाटे पोहोचणारे विमान त्यामुळे कागदावर पाच-सहा तासांचेच भासते. मध्यरात्रीनंतरच्या तारखेविषयी तर विशेष खबरदारी घ्यावी: 12 तारखेस 00:40 वाजता सुटणाऱ्या विमानासाठी 11 तारखेच्या रात्रीच मुंबईच्या सहार विमानतळावर हजर व्हावे लागते. आमच्या शेजारचे एक दांपत्य 12 च्या रात्री सामानसुमानासह तेथे दाखल झाले, तेव्हा त्यांचे विमान केव्हाच अमेरिकेस पोहोचले होते.

आम्हांस पुढे शिकागोस जावयाचे होते. तिकिटे काढून देणाऱ्या दलालाने नेवार्कला दीड तासाची सवड ठेवली होती आणि ती पुरेशी असल्याची हमीही दिली होती. परंतु अमेरिकेच्या पहिल्याच विमानतळावर पासपोर्टची तपासणी होते, पट्ट्यावरून आपापले सामान उतरवून घ्यावे लागते, आणि ते कस्टममधून नेऊन पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते. आमची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असताना शिकागोचे विमान निघून गेले. दोन्ही प्रवासांची तिकिटे स्वतंत्र काढलेली असल्यामुळे पुढच्या विमानाचे भाडे आम्हांस नव्याने भरावे लागले. ती एकाच तिकिटावर असती, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहिली असती. म्हणून तिकीट एकच असावे, आणि मध्ये निदान तीन-चार तासांची सवड मागून घ्यावी; दलाल कुरकुरला तरी चालेल.

घड्याळ असे बदलत असल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा घड्याळाच्या आकड्यांनी न लिहिता, दोन मात्रांमध्ये किती तास जावेत हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि ती चिठ्ठी गोळ्यांसह हातपिशवीत ठेवावी. मेहुण्यांची पेटी शिकागोस आली ती दुसऱ्या दिवशी.