कच्ची बाजू आधी

पुणे

चि. बाय हिस,


तुझा लांबलचक निरोप ऐकला. नर्सिंग पूर्ण झालं, जर्मनची ए-2 पातळी पार पडली, आता बी-1 द्यायची आणि लगेच पुढच्या महिन्याची तारीख घ्यायची, असा तुझा बेत आहे. दादाचं म्हणणं, फी भरून टाकू, म्हणजे पोरगी आपोआप अभ्यासाला लागेल. फी भरल्याने अभ्यास होत असता, तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं एव्हाना जर्मनीत असती. तारीख कधी घ्यायची याचा माझा नियम साधा आहे: तुझी सगळ्यात कच्ची बाजू घरच्या सरावात साठाच्या वर टिकायला लागली, की घे. पक्की बाजू किती पक्की आहे, याला इथे फारसं मोल नाही.

का ते सांगते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-1 मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग शंभर गुणांचा आणि प्रत्येकात साठ मिळवावेच लागतात. वाचनात पंच्याण्णव आणले म्हणून श्रवणातले पन्नास झाकले जात नाहीत. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेतही हीच मेख आहे. तिच्या एन-4 ला 180 पैकी 90 गुणांवर उत्तीर्ण करतात, पण श्रवणाच्या 60 मध्ये 19 नसले तर एकूण बेरीज कितीही होवो, उपयोग नाही. फरक इतकाच, की जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही. तुला ती पळवाट नाही.

तुझं वाचन आणि व्याकरण चांगलं आहे, कारण पुस्तकं आपल्या गावी, गुंदला, पोचतात. माणसं पोचत नाहीत. तिथे जर्मन कानावर पडत नाही, बोलायला समोर कुणी नाही. पुण्यातल्या नि बंगळूरातल्या जर्मन केंद्रांना ज्यांचं नाव आहे, ते मॅक्सम्युलर भारतात एकदाही न येता सायणभाष्यासह ऋग्वेद छापून मोकळे झाले. त्यांचं काम वाचण्याचं होतं, निभावलं. तुला वॉर्डात रुग्णाचं कण्हणं समजून घ्यायचं आहे. म्हणून तुझी कच्ची बाजू म्हणजे श्रवण आणि संभाषण, हे आजच मान्य करून टाक.

आधी श्रवण. साधारण चाळीस मिनिटं, चार भाग, तीस प्रश्न. अठरा बरोबर आले की साठ गुण झाले. पहिला आणि चौथा भाग दोनदा ऐकवतात, मधले दोन फक्त एकदा. मुलं नेमकी त्या मधल्या दोनांत गडगडतात, कारण सुटलेल्या एका शब्दामागे मन धावत राहतं आणि पुढची तीन वाक्यं निघून जातात. सुटलं ते सोडून द्यायचं, हीसुद्धा सवयच लावावी लागते. जोयड्याला किंवा दांडेलीला जाशील तेव्हा नेटवर्क चांगलं मिळतं, तेव्हा डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे पाठ आणि संथ गतीच्या बातम्या उतरवून घे. दोन्ही फुकट आहेत. मग बागेत काम करताना कानात चालू ठेव, पण दिवसातून एकदा तरी कागद-पेन घेऊन बस. एक तुकडा एकदाच ऐक आणि कोण, कुठे, कधी, किती एवढं टिपून काढ. नुसतं कानावरून गेलेलं जर्मन म्हणजे अभ्यास नव्हे.

संभाषणाची परीक्षा दोघांची मिळून असते, पंधरा मिनिटांची. आधी तयारीलाही पंधरा मिनिटं देतात. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं: आजारी मित्राला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं, असं काही. तिथे एकट्याने तोफ डागू नकोस. जोडीदाराला विचार, त्याचं खोडून काढ, शेवटी एका गोष्टीवर या. तो अडखळला तर सोपा प्रश्न टाकून त्याला बोलतं कर. त्यात तुझेच गुण वाढतात. दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर छोटं भाषण असतं आणि त्यात स्वतःचा अनुभव व आपल्या मुलखातली परिस्थिती सांगायचीच असते. इथे बहुतेक जण पुस्तकातलं ठोकळेबाज काहीतरी घोकून येतात. तू कशाला तसं करतेस? सणाचा विषय आला तर उळवीच्या जत्रेला येणाऱ्या बैलगाड्या आहेत, घराचा आला तर सुपा धरणात गाव गेल्यावर रामनगरात नव्याने उभे राहिलेले संसार आहेत. हे दहा-दहा सोप्या वाक्यांत जर्मनमध्ये मांडून ठेव. परीक्षकाला ते नवीन वाटेल आणि तुला आठवावं लागणार नाही.

बोलायला कुणी नाही, ही सबब मात्र चालायची नाही. रविवारी संध्याकाळी रेंज मिळेल तिथून मला फोन कर, अर्धा तास फक्त जर्मन. अडलीस तर जर्मनमध्येच अड.

लेखनाला साठ मिनिटं आणि तीन कामं: मैत्रिणीला पत्र, एखाद्या विषयावर आपलं मत, आणि कुणा मोठ्या माणसाला चाळीसेक शब्दांचा अदबीचा मजकूर. तू आणि तुम्ही यांचा घोळ तिसऱ्यात हमखास होतो. सुरुवात अदबीने आणि शेवट सलगीने झाला की गुण गेले. मराठीत तू ही चूक कधी करणार नाहीस, तेव्हा जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेने जाऊच नकोस. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, गौण वाक्यात क्रियापद शेवटी टाकायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी, बाजारात कन्नड असं करत तू वाढलीस. नव्या भाषेची भीती तुला वाटायचं कारण नाही.

वेळेचा हिशेब आता कर. गोएथे इन्स्टिट्यूट स्वतः बी-1 साठी 350 ते 650 तासिका धरते, एक तासिका पंचेचाळीस मिनिटांची. बी-2 साठी 600 ते 800. तेव्हा तीन महिन्यांत शून्यापासून बी-2 करून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर त्याला चहासुद्धा विचारू नकोस. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचे नाहीत, मग तो गावातला असला तरी. आणि हेही ध्यानात ठेव, की परिचारिका म्हणून जर्मनीत पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-2 लागते. बी-1 हा मधला टप्पा आहे. तिथवर पोचलीस म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकू नकोस.

कागदपत्रांचं एक. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर नावापुढे नुसती आद्याक्षरं आणि पासपोर्टवर पूर्ण नाव, असा प्रकार सर्रास असतो. परीक्षेचा अर्ज पासपोर्टबरहुकूम भर, एका अक्षराचाही फरक नको. प्रमाणपत्र किती जुनं चालेल हे ते मागणारं कार्यालय ठरवतं, म्हणून फार आधीही परीक्षा देऊन ठेवू नये. जागा लवकर भरतात. नोंदणी खुली व्हायच्या दिवशी घरच्या रेंजवर विसंबू नकोस, दांडेलीला जाऊन बस.

महिना निवडताना घरचंही बघ. सुपारी सोलणीच्या दिवसांत तुला कुणी पुस्तक घेऊन बसू देणार नाही, आणि भर पावसात रस्ता आणि वीज दोन्हींचा भरवसा नाही. मला मार्च-एप्रिल बरा वाटतो. केंद्र पुण्याचंच घे. लोंढ्याहून बेळगाव-मिरजमार्गे गाडी आहे, राहायला माझं घर आहे. दोन दिवस आधी ये. आदल्या दिवशी नवीन काही वाचायचं नाही.

एवढं करूनही एखादा भाग राहिला तर रडत बसू नकोस. बी-1 मध्ये राहिलेला तेवढाच भाग पुन्हा देता येतो, बाकीचे तीन तुझेच राहतात. दादाला हे नीट समजावून सांग, म्हणजे पहिल्याच खेपेला चारही झाले पाहिजेत हा धोशा तो लावणार नाही.

या आठवड्यात नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव आणि चारही भागांचे खरे गुण मला कळव. वाढवून सांगू नकोस. त्या आकड्यांवरून आपण महिना ठरवू.

वहिनीला नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या